रंगाऱ्याच्या नावाचं रक्त

१

दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले होते. दोन्हींवर नाव एकाच माणसाचं होतं, आणि दोन्ही एकाच माणसाचे असणं शक्य नव्हतं.

“वाचा,” मुलगा म्हणाला. “मोठ्यानं वाचा, डॉक्टर. मला पाठ झालंय, तरी वाचा.”

टेबलापलीकडच्या डॉक्टरांना त्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये सगळे तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे भिंगवाल्या बाई. मायक्रोस्कोपवर वाकून वाकून त्यांच्या मानेला कायमचा बाक आला होता. माणसाकडे बघतानाही त्या एक डोळा किंचित बारीक करत.

“पहिला रिपोर्ट,” त्यांनी वाचलं. “पांढऱ्या पेशी नऊशे. हिमोग्लोबिन आठ पॉइंट दोन. दुसरा, चार दिवसांनंतरचा. पांढऱ्या पेशी अकरा हजार चारशे. हिमोग्लोबिन अकरा पॉइंट सहा.”

“आणि तिसरा हॉस्पिटलचा आहे. त्यात दोनशे. तो मी आणला नाही. तो आला तेव्हा बाबा शुद्धीवर नव्हते.”

त्याचे बाबा म्हणजे गावातले पाट्या रंगवणारे रंगारी. लॅबच्या दारावरची निळी पाटीही त्यांच्याच हातची. वर्षभर त्यांना मानेतल्या गाठींचा कर्करोग होता आणि औषधाचे डोस चालू होते. हे औषध गाठ मारतं, आणि जाता जाता पांढऱ्या पेशीही मारतं. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराच्या वेशीवरचे राखणदार. निरोगी माणसाच्या रक्ताच्या बारीकशा थेंबात त्या चार ते अकरा हजार असतात. फारच उतरल्या तर पुढचा डोस थांबवायचा, पेशी वाढवायची इंजेक्शनं द्यायची, वाट बघायची, असा नियम. रंगाऱ्यांचा डोस दोनदा असाच पुढे ढकलला होता. मग हा अकरा हजार चारशेचा रिपोर्ट आला. त्याच्या भरवशावर डोस दिला गेला, आणि आठवड्यात ताप चढला तो उतरलाच नाही.

“राखणदार नसताना दरोडा घातलात तुम्ही,” मुलगा म्हणाला. “हॉस्पिटलचे डॉक्टर सांगतात, हा मधला रिपोर्ट आम्हाला पटत नाही. तुमच्याकडे कुणीतरी नळ्यांची अदलाबदल केली. माझ्या बापाच्या नावावर दुसऱ्याचं रक्त लावलं.”

बाजूला उभे असलेले लॅबचे मालक घाईनं म्हणाले, “ज्यानं रक्त आणलं, त्याला शनिवारी कामावरून काढतो. तुम्ही निर्धास्त राहा.”

भिंगवाल्या बाईंनी मालकांकडे पाहिलंच नाही. “या चार दिवसांत बाबांना रक्ताची बाटली चढवली होती?”

“नाही.”

“नक्की?”

“आई घरी सगळं बघत होती. ती स्वतः नर्स होती. नाही चढवली.”

बाईंनी दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले. इंजेक्शननं पांढऱ्या पेशी चार दिवसांत नऊशेवरून अकरा हजारांवर उड्या मारू शकतात. लाल रक्ताला असली उडी जमत नाही. ते गोगलगाईच्या चालीनं चढतं. आठवरून साडेअकरावर जायला त्याला महिने लागले असते.

“तुमचं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “हे रक्त तुमच्या वडिलांचं नव्हतं.”

२

ज्यानं ते आणलं त्याला गाव सुईदादा म्हणायचं. चाळिशीचा, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी कोपराच्या शिरेकडे बघणारा. घरोघरी जाऊन रक्त काढायचं हेच त्याचं काम. त्याच्या हातून सुई गेली तर तान्ही पोरंसुद्धा उशिरा रडतात, अशी त्याची ख्याती.

“बस,” बाई म्हणाल्या.

“उभाच बरा आहे, मॅडम. बसलो तर उठवणार नाही.”

“त्या सकाळी काय झालं?”

“काय व्हायचंय. रंगारीकाकांकडे गेलो, रक्त काढलं, नळीवर नाव लावलं, घेऊन आलो.”

“कुठल्या हाताला घेतलंस?”

त्याची नजर बाईंच्या कोपरावर गेली. “उजव्या. शीर चांगली होती.”

“नाव विचारलंस?”

आता तो हसला, पण ते हसू ओठांच्या वर चढलं नाही. “नाव विचारायचं मला कुणी शिकवलं, ठाऊक आहे ना मॅडम? काकांच्या बायकोनंच. सिस्टरनी. मी मुलांच्या वॉर्डात उमेदवारी करत होतो तेव्हा. नाव आपण वाचून दाखवायचं नाही, समोरच्याला सांगायला लावायचं. घाबरलेला माणूस कुठल्याही नावाला मान डोलावतो, म्हणायच्या. पोरांसाठी त्यांनी गाणंच केलं होतं.”

आणि त्यानं ते म्हटलं. गुणगुणला नाही, नुसतं सांगितलं.

*मूठ वळ रे राजसा, मूठ उघड हळूच,*
*थेंब तांबडा मोलाचा, नाव सांग रे तुझंच.*

“मग त्या दिवशी विचारलंस की नाही?”

“काढलं मी, आणलं मी, जबाबदारी माझी,” तो म्हणाला. “शनिवारी जाईन. बायकोला सांगून ठेवलंय.”

तो गेल्यावर बाईंनी त्या दिवशी लॅबमध्ये आलेल्या सगळ्यांचे आकडे पडद्यावर लावले. अदलाबदल म्हटली की तिला दोन बाजू असतात. रंगाऱ्यांच्या नावावर दुसऱ्याचं निरोगी रक्त गेलं असेल, तर रंगाऱ्यांचं दुबळं रक्त कुणा दुसऱ्याच्या नावावर गेलेलं असणार. एखाद्या धडधाकट माणसाच्या रिपोर्टात नऊशे पेशी आल्या असणार, आणि तो घाबरून पुन्हा तपासायला आला असणार.

त्यांनी एकेक आकडा पाहिला. कुणाच्या सात हजार, कुणाच्या नऊ, तापानं फणफणलेल्या एका पोराच्या अठरा हजार. चार हजारांच्या खाली एकही नव्हता.

म्हणजे नळ्या बदलल्याच नव्हत्या. रंगाऱ्यांचं रक्त त्या दिवशी लॅबमध्ये पोचलंच नव्हतं. त्याच्या जागी जे आलं, ते अशा कुणाचं होतं ज्यानं आपलं नाव सांगितलं नव्हतं.

३

नळीतलं रक्त आठवड्यात फेकून देतात. पण आकडा वेडावाकडा आला की त्यातला एक थेंब काचेवर पसरून, जांभळ्या रंगात रंगवून, मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि ती काच जपून ठेवायची, असा बाईंचा दंडक होता. नऊशेचे अकरा हजार झाले म्हणून त्या दिवशीही काच केली गेली होती. सहायकानं वरवर पाहून ‘इंजेक्शनचा परिणाम’ असा शेरा मारला होता. चारच दिवसांपूर्वीचा रिपोर्ट बघता कुणालाही तसंच वाटलं असतं.

बाईंनी काच भिंगाखाली सरकवली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मशीन पेशी मोजतं, चेहरे बघत नाही. चेहरे माणसालाच बघावे लागतात. फिकट गुलाबी लाल पेशींच्या गर्दीत पांढऱ्या पेशी जांभळ्या बिया मिरवत बसल्या होत्या. कुणाची बी दोन मण्यांची, कुणाची तीन, कुणाची चार, मधे बारीक दोरा. इंजेक्शननं वाढलेल्या पेशींत काळपट, भरड दाणे उठून दिसतात. इथे दाणे नाजूक होते, पीठ भुरभुरावं तसे. ही वाढ इंजेक्शनची नव्हतीच.

आणि मग त्यांना तो दिसला. एका पेशीच्या बीला, शेवटच्या मण्याच्या कडेला, एक इवलासा गोळा बारीक देठावर उभा होता. ढोल वाजवायची छोटी काठी असावी तसा. पेशीवर कधीकधी कचराही असा चिकटतो, म्हणून त्या पुढे गेल्या. बऱ्याच पेशींनंतर दुसरा दिसला. मग तिसरा. त्यांनी पाचशे पेशी पाहिल्या. मान दुखायला लागली. तसले अकरा गोळे निघाले.

हा गोळा शंभरात दोन-तीन पेशींवरच असतो, पण तो असतो फक्त बाईच्या रक्तात. पुरुषाच्या पाचशे पेशींत असे अकरा सापडणं होत नाही.

काचेच्या कडेवर रंगाऱ्यांचं नाव होतं. काचेवर एक बाई होती.

४

“चौकशी कसली,” रंगाऱ्यांची बहीण दारातच म्हणाली. “माणूस गेला. आता रक्ताला कोण विचारतंय. या, आत या. चपला असू द्या, इथे सगळाच रंग सांडलेला आहे.”

घरात बाया तीनच होत्या. ही बहीण, घरातल्यांची आत्या, सत्तरीची, बोलता बोलता छातीतून शिट्टी वाजणारी. दर दहा वाक्यांनी ती पदराआडून श्वासाचा पंप काढायची. दुसऱ्या सिस्टर, रंगाऱ्यांची बायको. त्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि तळवे चोळत होत्या.

“मुंग्या,” त्या म्हणाल्या. “ताकदीची लाल इंजेक्शनं घ्यायचे मी. यांच्या आजारपणात राहून गेली. दुसऱ्यांना टोचता टोचता स्वतःला टोचायचं विसरतं माणूस.”

“वहिनी कधी स्वतःचं करणार आहे,” आत्या म्हणाली. “दादाला तरी काय सुख दिलं मेल्या त्या औषधानं. मी म्हणत होते, घरी ठेवा, गाणी ऐकवा. कुणी ऐकलं माझं?”

“वन्सं, पंप घ्या,” सिस्टर म्हणाल्या.

तिसरी मुलगी. नवरा बोटीवर कामाला, दोनेक महिन्यांपूर्वीच सुट्टी संपवून गेलेला, म्हणून वडिलांच्या सेवेला माहेरी येऊन राहिलेली. तिनंच बाईंना वडिलांची खोली दाखवली, पण स्वतः उंबऱ्यापाशीच थांबली.

“तुम्ही जा आत. मला तो टर्पेंटाइनचा वास सहन होत नाही हल्ली. लहानपणापासून आवडायचा. शाळेतून आले की मी आधी बाबांचे ब्रश हुंगायचे. आता पोटात ढवळतं. दुःखानं असं होतं का हो, डॉक्टर?”

“दुःखानं पुष्कळ काही होतं,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी एक डोळा बारीक केला.

खोलीत ब्रश धुऊन डब्यात उभे केले होते. खुंटीवर सदरा होता, त्याची उजवी बाही खांद्यापासून उसवून नाड्या लावलेल्या.

“औषधाची कायमची नळी होती ना उजव्या दंडात,” मुलगी दारातून म्हणाली. “आई त्या हाताला कुणाला बोट लावू द्यायची नाही. रक्त काढायचं तरी डाव्याच हाताला. वर्षभर बाबा उजव्या कुशीवर वळले नाहीत.”

बाईंचा हात सदऱ्यावर थबकला. उजव्या, शीर चांगली होती. वीस वर्षं सुया टोचणारा माणूस रंगाऱ्यांच्या उजव्या हाताला गेला असता, तर या घरातून जिवंत बाहेर आला नसता.

भिंतीला टेकवून एक वीतभर लाकडी पाटी ठेवली होती. कोरी, पांढरीशुभ्र.

“ती काय आहे?”

मुलीनं उंबऱ्यावरूनच पाटीकडे पाहिलं. “माझ्या लग्नानंतर तासून ठेवलेली. पाळण्याला लावायची म्हणून. नाव आलं की रंगवणार होते. नाव काही आलं नाही. सात वर्षं झाली. आम्ही डॉक्टर केले, औषधं केली, मग बोलणंच सोडलं. बाबांनी एका शब्दानं विचारलं नाही कधी. फक्त दर वर्षी तिच्यावर पांढऱ्या रंगाचा नवा हात मारायचे, पिवळी पडू नये म्हणून.”

बाई वळल्या. “त्या सकाळी, बाबांचं रक्त घेतलं तेव्हा, तू होतीस?”

“मी स्वयंपाकघरात होते. आईनं माझंही घेतलं की. म्हणाली, रात्र-रात्र जागून चेहरा पांढरा पडलाय तुझा, बघू जरा. चांगला आला म्हणे रिपोर्ट.”

या मुलीच्या नावाची एकही नळी त्या दिवशी लॅबमध्ये आलेली नव्हती.

५

तरी बाईंनी घाई केली नाही. एखादा माणूस दिसतो म्हणून तोच असतो असं नाही, हे त्यांना भिंगानंच शिकवलं होतं. त्या घरातल्या म्हाताऱ्या दोघींचं रक्त पूर्वी कधीतरी लॅबमध्ये आलेलं होतं. त्यांच्या काचा जुन्या पेटीत सापडल्या.

आत्याच्या काचेवर जिकडेतिकडे नारिंगी दाण्यांच्या पेशी होत्या, जशा दम्याच्या माणसात पुष्कळदा असतात. रंगाऱ्यांच्या नावाच्या काचेवर तसल्या पेशी हुडकून काढाव्या लागत होत्या. आत्या नव्हती.

सिस्टरच्या काचेवर पेशींच्या बिया पाच-पाच, सहा-सहा मण्यांच्या होत्या, बी-बारा जीवनसत्त्व कमी पडलं की होतात तशा. इंजेक्शनांनी ते सुधारलं असेल, पण इंजेक्शनं थांबली होती आणि तळव्यांच्या मुंग्या परत आल्या होत्या. मणी पुन्हा वाढलेलेच असणार. या काचेवर चारच्या वर मणी नव्हते. सिस्टरही नव्हत्या.

त्यांनी सुईदादाला बोलावलं.

“काकांच्या उजव्या दंडात औषधाची नळी होती.”

तो भिंतीला टेकला.

“तू त्या सकाळी काकांना पाहिलंसच नाहीस.”

“मॅडम, सोडून द्या ना,” तो म्हणाला. “शनिवारी जातोच आहे मी.”

“तू गेल्यानं कुणाचं भलं होणार आहे?”

“सिस्टर दारात आल्या,” तो हळूहळू सांगायला लागला. “हातात भरलेली नळी. म्हणाल्या, यांना आत्ता डोळा लागलाय, मीच काढलंय, उठवू नकोस. मी नाव विचारणार होतो. अक्षरशः तोंडापर्यंत आलं होतं. पण ज्यांनी विचारायला शिकवलं, त्यांनाच कसं विचारायचं? मास्तरीणबाईंना पाढे म्हणायला लावल्यासारखं झालं असतं. नळी घेतली, रंगारीकाकांचं नाव चिकटवलं, निघालो.”

“आणि मला खोटं का सांगितलंस?”

“काका गेल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. वॉर्डात एखादं पोर गेलं की बघायच्या तसं. तेव्हाच कळलं मला. काय ते नाही कळलं, पण काहीतरी आहे हे कळलं.” त्यानं मनगटानं डोळे पुसले. “माझी नोकरी जाईल, मिळेल दुसरी. त्यांचं काय उरलंय, मॅडम? मुलगा, मुलगी. तेवढं राहू दे म्हटलं.”

६

सिस्टर एकट्याच भेटल्या, रंगाऱ्यांच्या खोलीत. ब्रशांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“काच ठेवली होती तुम्ही,” त्या म्हणाल्या. “मला वाटलंच. मी असते तर मीही ठेवली असती.”

“सिस्टर, का?”

“तुम्ही आकडे बघता, बाई. मी गाठ बघत होते. रोज सकाळी यांच्या मानेवर हात फिरवायचे. बोराएवढी होती ती लिंबाएवढी झाली, आणि आपण आपले पांढऱ्या पेशींची वाट बघतोय. डोस पुढे ढकला. अजून ढकला. मला ठाऊक होतं, नऊशेवर डोस देत नाहीत. पण इंजेक्शनं चालू होती. आज नाही तर परवा पेशी वर येणारच होत्या. नेहमी येतात. मी किती जणांच्या बघितल्यात. म्हटलं, दोन दिवस उसने घेते. फक्त दोन दिवस.”

“आल्या नाहीत.”

“आल्या नाहीत,” सिस्टर म्हणाल्या. “चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या माणसांना सांगितलं, धीर धरा. माझ्या माणसाच्या वेळेला मला दोन दिवस धीर निघाला नाही.”

खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सिस्टर ब्रशांचे केस बोटांनी सरळ करत राहिल्या.

“यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं, अकरा हजार चारशे आल्या. किती हसले. म्हणाले, अगं, एवढ्या? घरात गर्दी झाली की. वर्षभरात पहिल्यांदा ब्रश मागितला. त्या पाटीवर पांढरा हात मारला, बसल्या बसल्या. तेवढं सुख दिलं मी त्यांना, खोट्या आकड्याचं.” त्यांनी एक ब्रश डब्यात परत उभा केला. “पोरीला सांगू नका. तिचं रक्त आहे हे तिला कळलं तर ती जन्मभर स्वतःला खात बसेल. सगळं माझ्या नावावर लिहा.”

भिंगवाल्या बाई खाली, त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या.

“सिस्टर, तुम्ही ते रक्त पाठवलंत, पण वाचलं नाहीत. आकडा बघितलात, आणि तो हवा होता तेवढा होता. आता माझ्यासाठी एकदा वाचा. तरुण बाई आहे. ताप नाही, जखम नाही, कसलं औषध नाही. पेशी अकरा हजार चारशे, म्हणजे निरोगी माणसापेक्षा चार पावलं वर. त्यांत थोड्या कोवळ्या पेशीही आहेत, जणू शरीरानं कसल्यातरी तयारीसाठी जादा माणसं बोलावलीत. नारिंगी दाण्याच्या पेशी जवळजवळ नाहीतच. यातल्या कुठल्याही एका गोष्टीवर मी काही म्हणणार नाही. नुसत्या जागरणानं, काळजीनंही पेशी वाढतात. पण सगळं एकत्र धरलं, आणि मुलीला जन्मभर आवडलेला टर्पेंटाइनचा वास आता सोसत नाही हे त्यात घातलं, तर तुमच्या वॉर्डात तुम्ही काय म्हणाला असता?”

सिस्टरची बोटं थांबली.

त्यांच्या चेहऱ्यावर आधी नर्स आली. भुवया जवळ आल्या, ओठ हलले, त्या काहीतरी मोजत होत्या. मग नर्स गेली आणि नुसती आई राहिली.

“पाळी चुकली म्हणत होती,” त्या पुटपुटल्या. “मी म्हटलं, जागरणानं. मग बाबा गेल्यामुळे. मी म्हटलं, दुःखानं होतं.”

“मी खात्री देत नाही. तपासायला हवं.”

“सात वर्षं,” सिस्टर म्हणाल्या. त्यांची नजर कोऱ्या पाटीवर गेली. “तो आकडा खोटा नव्हता. त्यांचा नव्हता, पण खोटा नव्हता. त्यांच्या हातात नातवंडाची बातमी दिली मी, बाई, आणि मलाच ती वाचता आली नाही.”

ब्रशांचा डबा मांडीवरून कलंडला. दोघींपैकी कुणीच तो उचलला नाही.

७

शनिवारी सकाळी सिस्टर स्वतः लॅबमध्ये आल्या. मालकांच्या खोलीत, मुलाच्या आणि मुलीच्या देखत, त्यांनी सगळं उभ्यानं सांगितलं. पाणी पुढे केलं तर घेतलं नाही. मालकांनी सुईदादाला ठेवलं. तो खोटं बोलला याचा कागद मात्र त्याच्या सहीनं फायलीत गेला, आणि त्यानं सही खुशीनं केली.

मुलगा बाहेर जाऊन निळ्या पाटीखाली उभा राहिला, पाठ करून. आईशी तो बोलत नव्हता. पण तिची पिशवी अजून त्याच्याच हातात होती.

मुलगी रक्त काढायच्या खुर्चीत बसली. रडून रडून तिचा चेहरा धुतलेल्या फळ्यासारखा झाला होता. सुईदादानं पट्टा बांधला, कापूस फिरवला, आणि नळी हातात घेऊन नुसताच उभा राहिला. नाव विचारायचं राहिलं होतं.

भिंतीकडेच्या बाकावरून सिस्टरचा आवाज आला, वॉर्डातला, बारीक, सुरावर जेमतेम उभा असलेला.

*मूठ वळ गं लाडके, मूठ उघड हळूच...*

पुढचं त्यांना म्हणवलं नाही. सुईदादानं ते म्हटलं.

*थेंब तांबडा मोलाचा, नाव सांग गं तुझंच.*

तिनं आपलं नाव सांगितलं. पूर्ण, बाबांच्या नावासकट, माहेरचं. त्यानं ते जसंच्या तसं लिहिलं, तिला वाचायला दिलं, आणि मग सुई टोचली. नळी भरत गेली. भिंगवाल्या बाई दारात उभ्या होत्या. त्या रक्ताकडे बघत नव्हत्या.

“आई,” मुलगी म्हणाली. सगळं ऐकल्यानंतर आईशी तिचा हा पहिला शब्द. “बाबांना आकडा सांगितलास तेव्हा ते काय म्हणाले?”

सिस्टरनी मान वर केली नाही.

“घरात गर्दी झाली म्हणाले.”

मुलीनं मोकळा हात पोटावर नेला आणि तिथेच ठेवला. मग सुईदादानं सुई काढली, कापूस दाबला आणि अगदी हळू म्हणाला, “हात दुमडून धरा, ताई. थोडा वेळ सोडू नका.”